मयूरेशाचे माळरान

॥ श्री मयूरेश्वर प्रसन्न ॥



अष्टविनायकांतील आद्य स्थान म्हणून मान्यता पावलेल्या मोरगावी आपण येता, तेव्हा मंदिरासमोरील नंदीचे दर्शन आपणांस प्रथम घडते. शिवालयासाठी नेला जात असताना हा नंदी येथे विसावला आणि पुढे हलेनाच, अशी आख्यायिका आहे. श्रींनी त्रेतायुगी मोरावर आरूढ होऊन सिंधू दैत्याचा संहार केला, असे गणेशपुराण सांगते. दारी नंदी आणि मूषक, नावात मोर! या क्षेत्री प्राणिमात्रांना वगळून देवाकडे जाताच येत नाही.

मोरगावाहून चौफुल्याकडे जाणाऱ्या वाटेवर सुपे लागते. शहाजीराजांच्या जहागिरीतील हे जुने गाव. येथील माळरान १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य म्हणून घोषित झाले. विस्तार अवघा ५ चौरस किलोमीटरांच्या आसपास. पण चिंकारा हरणाचे ते हक्काचे घर आहे. श्रींचेच नाव धारण करणाऱ्या या भूमीवर पाऊल ठेवताना आपल्या मनात कोणता भाव असावा, त्याविषयी चार शब्द.

गाभाऱ्यातील मर्यादा आपण न सांगता पाळतो. आवाज आपोआप खाली येतो, मूर्तीस हात लावण्यास कोणी धावत नाही, रांगेत तासभर तिष्ठण्याचे दुःख होत नाही. माळावर मात्र तोच भाविक गाडीतून हाका मारतो, वाट सोडून गाडी गवतात घालतो. त्याच गवतात टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चाकाखाली काय गेले हे चालवणाऱ्यास कळतही नाही.

याहून सूक्ष्म अशी एक चूक आहे आणि ती सज्जनांच्याच हातून होते. ती म्हणजे अस्थानी दया. अन्नदान हे श्रेष्ठ दान, हे आपण लहानपणापासून ऐकले. म्हणून प्रसादाचा उरलेला भाग, केळी, बिस्किटे श्रद्धेने माळावर ठेवली जातात. चिंकाऱ्यास त्याची गरज नाही. गवत, पाला, शेंगा व पहाटेचे दव यांवर त्याची भूकच काय, पुष्कळशी तहानही भागते. अन्नाच्या वासाने येतात ती मोकाट कुत्री. ती टोळीने हरणाच्या पाडसास गाठतात, आणि त्यांचे रोग लांडगा व खोकड यांना जडतात. देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान तेच सात्त्विक, असे भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. माळावर टाकलेला लाडू या तिन्ही कसोट्यांत बसत नाही.

पाडसाचेही तसेच. आई त्यास गवतात निश्चल बसवून दूर चरावयास जाते. एकटे पिलू पाहून कनवाळू माणूस ते उचलून आणतो, आणि पोरके नसलेले बाळ त्या क्षणी पोरके होते. असे पिलू दिसल्यास हात न लावता दूर व्हावे व वनरक्षकास कळवावे.

दात्यांसाठी एक विनंती. ओसाड दिसते म्हणून माळावर झाडे लावण्याचा संकल्प पुष्कळांच्या मनात येतो. परंतु माळ हा उजाड झालेला डोंगर नव्हे; गवत हेच त्याचे अरण्य. गिरिपुष्पासारखी परकी झाडे दाटली की खालचे गवत मरते, आणि मोकळ्या जागेत दुरूनच शत्रू हेरणारे हरीण निराधार होते. वृक्षदान गावाच्या वेशीत, शाळेत, पालखीमार्गावर अवश्य करावे.

शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे वनविभागाने २०२४ साली माळरान सफारी सुरू केली. तेथे स्थानिक मार्गदर्शक सोबत असतो. त्याचे ऐकावे, तो थांब म्हणेल तेथे थांबावे.

तेथून भिगवणला रोहित पक्षी पाहण्यास जाणाऱ्यांनी उजनीच्या पाण्यास खेळ समजू नये. २१ मे २०२४ रोजी कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात नाव उलटून ६ जणांना जलसमाधी मिळाली. नावेत जीवरक्षक जाकीट अंगावर असलेच पाहिजे, मग नावाडी कितीही अनुभवी असो. वारा उठला तर फेरी सोडून द्यावी. थव्याच्या अगदी जवळ नाव नेण्याचा आग्रहही धरू नये. उथळ चिखलात चोच बुडवून चाललेले त्यांचे जेवण आपल्या एका छायाचित्रासाठी मोडते.

इतके ऐकूनही ज्यांस या मुक्या जीवांसाठी काही अर्पण करावेसे वाटते, त्यांनी परस्पर काही न करता वनविभागाच्या कार्यालयात विचारावे. उन्हाळ्यात पाणवठे टँकरने भरावे लागतात. चैत्र-वैशाखातील त्या पाण्यास देशही आहे, काळही आहे आणि पात्रही.