सागाचा पतंग व न दिसणारी तूट



मृगाच्या सरी पडल्या म्हणजे साग पालवतो. मेहकराकडील रानांत ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांस ठाऊक असेल, कीं कधीं कधीं तीं कोंवळीं पानें पंधरवड्यांत नाहींशीं होतात आणि झाडावर केवळ शिरा उरतात.

हें काम एका लहान तपकिरी पतंगाच्या अळ्यांचें होय. शास्त्रज्ञ त्यास हिब्लिया प्युएरा म्हणतात. तो बसला असतां वाळक्या पानासारखा दिसतो. मागील पंखांवरील नारिंगी पट्टे उडतांनाच दृष्टीस पडतात. मादी कोंवळ्या पानांवर एकेक करून शेंकडों अंडीं घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते. ती पानाची कड कातरून दुमडते, आपल्याच रेशमानें टांके घालते व त्या आडोशास बसून खाते. चार वेळां कात टाकून सुमारें दोन आठवड्यांत ती पुरी वाढते, धाग्यावरून खालीं उतरते, पाल्यापाचोळ्यांत कोश करते, आणि आठवडाभरानें पतंग होऊन उडून जाते. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें जिचें नांव घेतलें ती कसर वस्त्रें खाणारी. तिची जात निराळी.

परंतु या अळीनें साग मरत नाहीं. पुन्हां पालवी फुटते, आणि वाटसरूस वाटतें कीं कांहींच झालें नाहीं. केरळांत निलंबूर येथें वनसंशोधकांनीं तरुण सागाच्या लागवडींत मोजून पाहिलें, तेव्हां जेवढें लांकूड वाढावयाचें त्यापैकीं शेंकडा ४४ वाढलेंच नाहीं असें आढळलें. पाला हिरवा, तूट खोडांत!

हें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. पाण्याच्या पाळीवरून एका बंधूशीं आमचें वितुष्ट आलें, त्यास तीन पावसाळे झाले. उपासना चुकली नाहीं, अर्पण चुकलें नाहीं. मंडळींत कोणास कांहीं दिसलें नाहीं. मात्र प्रभूच्या प्रार्थनेंत क्षमेचे शब्द आले म्हणजे ते आम्ही भरभर म्हणून पुढें जात असूं. आमचा दोष लहान व त्याचा मोठा, हा टांका आम्हीं स्वतःच घातला होता.

येत्या रविवारीं प्रभुभोजन आहे. वेदीपाशीं दान ठेवून आधीं भावाशीं समेट करावयास प्रभूनें सांगितलें, तें मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत पाहावें. आम्ही शनिवारीं पहांटे त्याच्या मळ्यावर जाणार आहों. तो काय म्हणेल हें ठाऊक नाहीं. आपणांसही असें कोठें जावयाचें असल्यास गाडी जुंपण्यापूर्वींच निघावें. ऊन चढल्यावर मनुष्य कामांत सांपडतो.