ऐवजी

लहानपणी घरी पूजा असली की एका गोष्टीचे आम्हांस फार नवल वाटे. गुरुजी देवाला वस्त्र वाहावयास सांगत, आणि वस्त्र हाताशी नसले तर तेच गुरुजी, आवाजात तिळमात्र फरक न करता, ‘वस्त्रार्थे अक्षता’ म्हणून चार तांदूळ वाहून घेत. अलंकार नसले तर त्यांच्याऐवजी अक्षताच. तांदळाच्या राशीवर ठेवलेली सुपारी गणपती होई. देव हे सारे चालवून घेतो, तेव्हा देव भोळा असला पाहिजे, असे त्या वयात आम्ही ठरवून टाकले होते. पस्तिशी गाठताना तोच प्रश्न पुन्हा आमच्यापुढे येऊन उभा राहिला, आणि तोही एका लोकरीच्या बाहुल्याच्या रूपाने. एका गोष्टीच्या ऐवजी दुसरी ठेवणे केव्हा प्रामाणिक असते आणि केव्हा ती नुसती पळवाट ठरते, हा तो प्रश्न.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील एक कारकून. जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बरगी नावाचे गाव आहे. बदलीच्या हुकुमाने सध्या आमचे बिऱ्हाड तेथे आहे. बिऱ्हाड म्हणजे एक खाट, एक शेगडी आणि आम्ही. सौ. नागपूरला नोकरी करतात आणि आठ वर्षांची कन्या त्यांच्यापाशी शिकते. आमच्यासारख्याच बदलीच्या नोकरीत असलेल्या वाचकांस या घराचे अधिक वर्णन नको. गेल्या दिवाळीत रजा मंजूर झाली नाही. ते सांगण्यासाठी आम्ही फोन केला तेव्हा कन्या रडली नाही, रुसली नाही. ती म्हणाली, “ठीक आहे बाबा. मग तुमच्याऐवजी मला एक किर्बी पाठवा.”

हा किर्बी म्हणजे व्हिडिओ गेममधला एक गुबगुबीत गुलाबी गोळा. तिच्या मावसभावाकडे ते यंत्र आहे. सुटीच्या दिवशी दोघे मिळून त्याला नाचवतात. मागणी आली म्हणून आम्ही त्याची जन्मकथा शोधून वाचली, आणि ती वाचून आमच्यातल्या कारकुनाला मोठी गंमत वाटली. जपानातील हॅल लॅबोरेटरी या संस्थेत मासाहिरो साकुराई नावाचा तरुण एक खेळ रचीत होता. नायक कसा दिसावा हे ठरायचे होते. तोवर काम अडू नये म्हणून त्याने एक गोल, दोन डोळे आणि इवलेसे हातपाय काढून ठेवले. खरा नायक आला की या गोळ्याने जागा रिकामी करावयाची होती. पण रोज त्याच्याशी खेळता खेळता रचणाऱ्याचाच त्याच्यावर जीव जडला आणि तो कायम झाला. १९९२ साली तो गेम बॉय या यंत्रावर अवतरला. तदर्थ नेमणुकीवर येऊन असा नावलौकिक मिळविल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही. त्या यंत्राच्या पडद्यावर रंग दिसत नसत. अमेरिकेतील वेष्टनावर तो पांढरा छापला गेला होता. पुढे १९९३ सालच्या खेळात तो गुलाबी असल्याचे लोकांस दिसले. त्याच खेळात त्याला नवी विद्या मिळाली. शत्रूला गिळावे आणि त्याची कला आपली करावी, ही ती विद्या. २०१० साली तर ‘किर्बीज एपिक यार्न’ या खेळात तो चक्क लोकरीच्या धाग्याचाच झाला. सारांश, ज्याला आम्ही विणावयास घेतले तो मुळातच कोणाच्या तरी ऐवजी आलेला होता.

तयार बाहुला घरपोच मागवता आला असता. पैशाचा प्रश्न फार मोठा नव्हता. परंतु मनाने घेतले की स्वतः येता येत नाही, तर निदान हातचे काही पाठवावे. शेजारी एक वृद्ध अम्मा राहतात. हिवाळ्याच्या उन्हात त्या विणीत बसलेल्या असतात. त्यांच्यापाशी आम्ही शिष्यत्व पत्करले. दहा नंबरच्या सुया आणि गुलाबी, लाल व काळी लोकर जबलपूरहून आणली. अम्मांनी कृती सांगितली ती अशी: आठ टाके घालावे, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, प्रत्येक सुलट ओळीत आठ टाके वाढवीत अठ्ठेचाळीसपर्यंत जावे, काही ओळी सरळ विणून पुन्हा तसेच आठआठ टाके कमी करीत आठावर यावे, मग त्या आठांतून धागा ओवून तो घट्ट ओढावा, कडा शिवीत जाऊन आत कापूस भरावा. लाल लोकरीचे पाय वेगळे, काळ्या धाग्याचे डोळे शेवटी. ऐकावयास सोपे वाटते. चौथ्या दिवशी आमच्या सुयांवर जे होते त्याला गोळा म्हणावे की गाठ, याचा निर्णय अम्मांनाही करता येईना. त्यांनी ते शांतपणे उसवले.

अम्मांनी विणकाम उतारवयात शिकलेले आहे. त्यांचे बालपण आणि संसाराची पहिली वर्षे भातलावणीत गेली. १९७४ साली येथे नर्मदेवर धरणाचे काम सुरू झाले, १९९० साली जलाशय भरला, आणि जबलपूर, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना त्या पाण्याची झळ लागली. त्यांतल्याच एका गावी अम्मांचे शेत होते. नुकसानभरपाई रोख मिळाली. एका दुपारी टाके मोजता मोजता त्या सहज म्हणाल्या, “जमिनीऐवजी पैसा मिळाला, बाबूजी. त्या पैशाऐवजी पुन्हा जमीन काही मिळाली नाही.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, हिशेब सांगावा तसे त्यांनी ते सांगितले. नोकरीत आम्ही कितीतरी कागदांवर ‘च्या ऐवजी’ हे शब्द लिहिले असतील. ते दोन्ही दिशांनी सारखे चालत नाहीत, हे आमच्या ध्यानात त्या दुपारी आले.

आता त्या रात्रीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हा लेख लिहिण्याचे कारणच उरत नाही. चाळीस टाक्यांवरून अठ्ठेचाळीसांवर नेणारी ओळ चालू होती. दर पाच टाक्यांनंतर एक टाका वाढवावयाचा. आम्ही तेविसाव्या टाक्यावर असताना फोन वाजला. पडद्यावर घरचे नाव दिसत होते. आता उचलला तर मोजणी चुकणार, ओळ संपली की आपणच करू, असा विचार करून आम्ही तो वाजू दिला. ओळ संपली, पण पुढची सुरू झाली, आणि तीही साधली म्हणून आणखी एक. घड्याळ पाहिले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कन्या झोपली असणार. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, “काल काय सांगायचे होते?” ती म्हणाली, “काही नाही बाबा. ते कालचंच होतं.”

सुयांवरून टाका निसटला आणि चार ओळी खाली गेला, तरी क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी चढवून वर आणता येतो. अम्मांनी आमचे असे किती टाके वर आणले असतील! तो फोन मात्र तसा वर आणता आला नाही. तिच्यासाठी टाके मोजताना तिलाच आम्ही थांबवून ठेवले होते. घर सोडून आम्ही बरगीस आलो ते हुकुमाने आलो, हे खरे. परंतु त्या रात्री फोन न उचलण्याचा हुकूम कोणी काढलेला नव्हता. आणि मग मनात एक नको असलेली शंका आली. हे विणकाम तिच्यासाठी चालले आहे, की रजा न मिळालेल्या बापाच्या मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून?

आपल्या पूर्वजांनी ‘ऐवजी’चा विचार फार बारकाईने केलेला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीची चर्चा येते. यज्ञास व्रीही मिळाले नाहीत तर नीवार, म्हणजे रानातले तांदूळ, चालतात. द्रव्याला तत्सदृश द्रव्य घ्यावे, पण अडलेले कर्म सोडू नये, असा तो विचार आहे. परंतु काही गोष्टींना प्रतिनिधी नाही. देवतेऐवजी दुसरी देवता नाही, अग्नीऐवजी दुसरे काही नाही, मंत्राऐवजी मंत्र नाही, क्रियेऐवजी क्रिया नाही. आणि ज्याचा यज्ञ त्या यजमानाऐवजीही दुसरा कोणी नाही. तांदूळ बदलता येतील, यज्ञ करणारा बदलता येणार नाही. शाळेत हे आम्ही कधी शिकलो नाही; पुढे पदवीच्या अभ्यासात वाचले तेव्हा शुष्क वाटले होते. त्या रात्रीनंतर ते शुष्क वाटेनासे झाले.

रामायणाच्या उत्तरकांडात यज्ञाच्या वेळी राम सीतेच्या जागी तिची सुवर्णप्रतिमा ठेवतो. त्याने दुसरी पत्नी केली नाही, म्हणून ती प्रतिमा निष्ठेची खूण मानली जाते, आणि ती तशी आहेच. पण ज्याने ती करविली त्यानेच खऱ्या सीतेला वनात धाडले होते, हेही तिथेच लिहिलेले आहे. प्रतिमा सोन्याची झाली म्हणून जागा भरत नाही. उलट ती कोणामुळे रिकामी आहे ते अधिक स्पष्ट दिसते. आमच्या गुलाबी लोकरीचेही तसेच व्हावयाचे होते. बाहुला जितका सुबक होईल तितके आपण सुटलो, असे आम्ही मनाशी धरून चाललो होतो, आणि चूक नेमकी तेथे होती.

मग ऐवजी दिलेले सारेच खोटे काय? तसे म्हणवत नाही. तसे असते तर परगावी राहणाऱ्या कोणाही माणसाने पत्र लिहू नये, मनीऑर्डर करू नये, भाऊबिजेस साडी पाठवू नये. लहानपणी ज्या गुरुजींचे आम्हांस हसू येई, त्यांनी एक गोष्ट मोठ्या सचोटीने सांभाळली होती. अक्षता वाहताना त्या वस्त्र आहेत असे ते म्हणत नसत. वस्त्रार्थे आहेत असे म्हणत. वस्त्र आज नाही, ते द्यावयाचे होते, ही कबुली त्या एका शब्दात असे. आम्हांस वाटते, प्रामाणिक ऐवजीचे लक्षण हेच. ते आपली उणीव मोकळेपणी सांगते आणि मूळ देणे फिटले असा दावा करीत नाही. ज्या क्षणी अक्षता वाहून वस्त्राचे देणे विसरले जाते त्या क्षणी ती पळवाट होते. अम्मांच्या शेताची किंमत ज्यांनी मोजून दिली त्यांच्या कागदावर ते प्रकरण मिटले असेल. अम्मांच्या बोलण्यात ते मिटलेले नव्हते.

बाहुला डिसेंबरच्या अखेरीस पुरा झाला. तो आम्ही टपालाने पाठविला नाही. संक्रांतीला तीन दिवसांची रजा मिळाली तेव्हा पिशवीत घालून स्वतः घेऊन गेलो. कन्येने त्याला उलटासुलटा करून पाहिला. “याचा एक पाय मोठा आहे,” ती म्हणाली. आम्ही कबूल केले. “असू दे. लाथ जोरात बसेल.” मग आम्ही तिला त्या रात्रीचे सांगितले, फोन वाजला तेव्हा आपण टाके मोजीत होतो, ऐकूनही उचलला नाही, हे सांगितले. आमच्यासारख्या मोठ्या माणसास ते वाक्य उच्चारणे अपेक्षेपेक्षा जड गेले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “त्या दिवशी मला पहिल्यांदा कोणी न धरता सायकल आली होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सायकल चालवून दाखविली. वळण घेताना तिचा हात डगमगतही नव्हता. ते शिकणे केव्हाच मागे पडले होते. पुढच्या टोपलीत किर्बी बसला होता. ती तीन फेऱ्या मारून येईपर्यंत आम्ही कोपऱ्यावर उभे होतो.

तिने आता एक निळा किर्बी मागितला आहे, मावसभावासाठी. लोकर आणून झाली, पहिले आठ टाके घालूनही झाले. अम्मा म्हणतात, या खेपेस हात बरा वळतो आहे. रात्री आठ ते नऊ मात्र सुया पेटीत असतात.