जरा आणि स्मरण : झाडीतील एका वृद्ध उपदेशीच्या प्रश्नाचे विवरण

॥ श्रीपरेशाय नमः ॥

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांच्या ठायी दुःखरूप दोष वारंवार पाहणे हेही एक लक्षण गणले आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, देवाने जरेचा धिक्कार करावयास सांगितलेले नाही, तर ती पाहावयास सांगितली आहे. जो पाहील त्याला जरा ही गुरुस्थानी होते. जो पाहणार नाही त्याला ती केवळ पीडा होते. जन्म कोणास आठवत नाही, मृत्यूनंतर सांगावयास कोणी उरत नाही, व्याधी येते आणि जाते. जरा मात्र हळूहळू, दिवसाउजेडी, आपल्याच देहावर येते. म्हणून या चारांमध्ये डोळसपणे पाहता येईल अशी तीच एक आहे.

हे प्रमेय समजण्यासाठी झाडीमंडळातील एका वृद्ध उपदेशी आजीचे उदाहरण घ्यावे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, उपदेशी घर जेथे जेथे आहे तेथे तेथे अशी एखादी आजी ओसरीवर बसलेली असतेच. वय नव्वदीच्या घरात. लहानपणीच उपदेश झालेला. नित्यदिनी, पाठ, पारायण, साधूंना भिक्षा, वर्षातून एकदा स्थानवंदन, असा आचार साठ-सत्तर वर्षे चाललेला.

या आजीच्या आयुष्यात प्रपंचाची अनित्यता कशी उतरली ते पाहावे. ती जन्मली तेव्हा तिचे गाव मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९५० साली ते मध्य प्रदेशात गेले आणि राजधानी नागपूरच राहिली. १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा ते गडचिरोली जिल्ह्यात गेले. घर तेच, विहीर तीच, मोहाचे झाडही तेच. परंतु कागदावरचे नाव इतक्या वेळा पालटले. चांद्याचे चंद्रपूर झाले. पायली-कुडवाचे किलो झाले. नागपूरहून नागभीडला येणारी छोटी रेल्वे, जिच्यातून ती लग्नानंतर प्रथम माहेरी गेली, ती २०१९ साली बंद झाली. ज्या ताडोबाच्या रानातून पूर्वी वाटसरू वाट काढीत असत ते १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाला. कोळशाच्या खाणी वाढल्या, वीज निर्माण करणारी केंद्रे आली, पोरे शेत सोडून कामावर गेली. शास्त्रात प्रपंच अनित्य म्हटला आहे, हे वाक्य तरुण अभ्यासक पाठ करतो. आजीने ते पाठही केले आणि भोगलेही.

अशा या आजीने, चातुर्मासात घरी आलेल्या साधूंपुढे दंडवत घालण्याचा प्रयत्न केला. गुडघे वाकले नाहीत. तेव्हा बसल्याजागीच हात जोडून ती म्हणाली, “बाबा, पाय गेले, डोये गेले, आता पाठही चालला. अर्ध्यात विसरून जातो. देवाले मी काय दाखवू?”

हा प्रश्न एका आजीचा नाही. वार्धक्यात पोचलेल्या प्रत्येक साधकाचा तो प्रश्न आहे, मग तो वासनिक असो वा भिक्षुक. मार्गाचा आचार अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण यांवर उभा आहे. पाय थकले की अटन गेले. दुसऱ्याच्या आधाराशिवाय उठता येईना की विजन गेले. दारोदार जाता येईना की भिक्षा गेली. उरले स्मरण, तर आता स्मरणशक्तीही जाऊ लागली. अशा वेळी शंका येते : आचार गेल्यावर धर्म राहतो काय?

या शंकेचे समाधान श्रीनागदेवाचार्यांच्या एका प्रसिद्ध प्रसंगात आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या उत्तरापथे गमनानंतर मार्गाची धुरा आचार्यांकडे आली. केशिराजबास संस्कृताचे मोठे पंडित. स्वामींचे ज्ञान संस्कृतात बांधावे असा विचार त्यांनी मांडला. आचार्यांनी तो थांबविला. त्यांचे कारण स्मृतिस्थळात नमूद आहे, आणि मराठी भाषेचा अभिमान म्हणून ते आज सर्वत्र सांगितले जाते. २०२४ साली रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले तेव्हाही त्याची आठवण अनेकांनी काढली. परंतु त्या कारणाचा गाभा भाषा हा नव्हे. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील, हा आचार्यांचा आशय होता. त्यांच्या दृष्टीपुढे पंडितांची सभा नव्हती. मागच्या ओळीत बसलेल्या, कानाने थोडे कमी ऐकणाऱ्या, दोन शब्द मुखी धरून घरी जाणाऱ्या वृद्धा होत्या. ब्रह्मविद्येचा वारसा कोणाचा, असा प्रश्न आला तेव्हा आचार्यांनी तो त्या वृद्धांच्या पदरात घातला. ज्यांच्यासाठी शास्त्राची भाषा ठरली, त्यांचा धर्म गुडघे वाकत नाहीत म्हणून जाईल, असे म्हणणे आचार्यांच्या विचारास धरून नाही.

महदाइसेचा उल्लेखही आपल्या ग्रंथांत ‘म्हातारी’ या शब्दाने येतो, आणि ती जिज्ञासू आहे, सतत काही पुसत असते, असा तिचा गौरव केलेला आढळतो. म्हणजे म्हातारपण आणि जिज्ञासा यांचा विरोध नाही. आजीने जो प्रश्न केला तो महदाइसेच्या परंपरेतलाच होय. ज्याचा धर्म गेला त्याला असा प्रश्न पडत नाही.

आता पाठ विसरण्याविषयी. लीळाचरित्राची मूळ पोथी देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. म्हाइंभट्टांनी गावोगाव फिरून, ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले होते अशांना विचारून विचारून ज्या लीळा जमविल्या, त्या एका धाडीत गेल्या. मग त्या पुन्हा कोठून आल्या? भक्तांच्या आठवणीतून. हिराइसेस लीळा मुखोद्गत होत्या आणि तिच्या नावाचा पाठ मार्गात मानला गेला. परंतु असे निरनिराळे पाठ जेव्हा जुळविले गेले तेव्हा त्यांत भेद आढळले. एकास जे आठवले ते दुसऱ्यास आठवले नाही. म्हणून कोणी कोणास धर्मबाह्य म्हटले नाही. एकाचे विसरलेले दुसऱ्याने भरून दिले. यावरून असे निष्पन्न होते की, पाठ हा एकट्याच्या डोक्यावरचा भार नसून समुदायाची ठेव आहे. आजी अर्ध्यावर थांबली तर पुढचे वाक्य नातीने म्हणावे. तो पाठ पूर्ण झाला असे समजावे.

येथे दुसरी शंका येते : म्हातारपणी सर्व क्षमा असेल, तर तरुणपणी आचार कशाला? ही शंका आळसाची आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळीच्या स्मरणाचे माहात्म्य सांगितले आहे, पण तेथेच असेही सुचविले आहे की, अंती तेच आठवते ज्याचा भाव जन्मभर धरलेला असतो. आजीचे बाकी सर्व विसरले, तरी पहाटे जाग आली की प्रथम ओठांवर देवाचेच नाव येते. हे त्या दिवशीचे कर्तृत्व नव्हे. सत्तर वर्षांच्या पहाटांचे ते फळ आहे. जो तरुण म्हणेल की निवृत्तीनंतर पाहू, त्याच्या ओठांवर त्या पहाटे दुसरेच काही येईल.

दृष्टांत : झाडीत मोहाचे झाड सर्वांच्या परिचयाचे आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडतात. झाड उघडे दिसते. परक्याला वाटते की झाड वाळले. आणि त्याच उघड्या फांद्यांच्या टोकांना फुले येतात. ती तोडावी लागत नाहीत. पहाटे आपोआप खाली गळतात, आणि बायाबापड्या टोपल्या घेऊन ती वेचतात. वेचून उन्हात वाळविली तर तीच फुले वर्षभराचे अन्न होतात. तीच जर साठवून कुजविली आणि भट्टीवर चढविली, तर त्यांचे मद्य होते, आणि त्या मद्याने घरेच्या घरे बुडतात. फूल एकच.

दार्ष्टांतिक : मोहाचे झाड म्हणजे वृद्ध देह. पाने म्हणजे इंद्रियांची शक्ती, ती झडणारच. फुले म्हणजे आठवणी. म्हातारपणी त्या न बोलावता गळू लागतात, कालचे आठवत नाही आणि सत्तर वर्षांपूर्वीचे लख्ख आठवते. या आठवणी ज्याने देवाच्या नाम, लीळा, मूर्ती, चेष्टांच्या टोपलीत वेचल्या, त्याला त्या अन्न होतात. कोणत्या साधूंनी उपदेश दिला, रिद्धपूरला प्रथम गेलो तेव्हा काय वाटले, कोणत्या लीळेने रडू आले, हे सर्व स्मरणच आहे. परंतु ज्याने त्या ‘माझे शेत, माझ्या सुनेने केलेला अपमान, भावाने बळकावलेला बांध’ या मडक्यात कुजविल्या, त्याला त्यांचे मद्य होते. मद्यत्याग केलेल्या उपदेशी घरातही हे मद्य शिरते, आणि घरातले सर्व त्याच्या वासाने कष्टी होतात. वार्धक्यातील खरा आचार हाच की, फूल कोठे पडते आहे यावर लक्ष ठेवावे.

या प्रदेशात वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे स्थान आहे. अल्पायुषी बालकास दीर्घायुष्य लाभले, ही मार्कंडेयाची कथा तेथे सांगितली जाते. घरातील वृद्ध आजारी पडले की मुले काकुळतीने देवतांना नवस बोलतात. ही मुलांची माया आहे, तिचा उपहास करू नये. परंतु उपदेशी वृद्धाने आपले मन स्पष्ट ठेवावे. देवता आपल्या अधिकाराप्रमाणे फळ देतात, आणि ते फळ सरते. दीर्घायुष्य हेही सरणारे फळच आहे. नव्वदाचे शंभर झाले म्हणून बद्ध जीव मुक्त होत नाही. जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे तो बंधनात असला तरी मुक्तीस योग्य आहे, आणि ते बंधन सोडविणारा परमेश्वर एकच. म्हणून ‘आणखी वर्षे दे’ असे न मागता, ‘आहेत त्या दिवसांत तुझा विसर नको’ एवढेच मागावे. मुलांना रागावून नव्हे, जवळ घेऊन सांगावे की, माझ्यासाठी नवस नको, माझ्यापाशी बसून एक लीळा वाचा.

याच ठिकाणी तरुणांचे आणि साधूंचे कर्तव्य येते. स्वामींच्या गमनानंतर आचार्यांसह भक्तपरिवार रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आला. प्रभूंचे चरित्र पाहावे. क्षणात रुसणे, क्षणात हसणे, मागितलेले आणल्यावर नको म्हणणे, नको तेव्हा मागणे. भक्तांनी कोणत्याही वेळी कंटाळा केला नाही. विवाहाची लीळा करावी अशी प्रवृत्ती झाली तेव्हा महदाइसेने धवळे गाइले, आणि मराठी वाङ्मयाला एक अमोल रचना मिळाली. दीनदुबळ्यांनी त्याच प्रभूंना माय आणि बाप म्हटले. परमेश्वर आणि सामान्य वृद्ध यांची तुलना होऊ शकत नाही, तशी कोणी करूही नये. परंतु सेवेची रीत तेथून शिकावी. घरातील आजोबा एकच गोष्ट चौथ्यांदा विचारतात तेव्हा चिडणाऱ्या वासनिकाने स्वतःस विचारावे की, गोविंदप्रभूंच्या चरित्राचे पारायण आपण कशासाठी केले?

आचार्यांच्या काळी म्हाताऱ्या संस्कृतामुळे लुबाडल्या गेल्या असत्या. आज त्या दुसऱ्या मार्गांनी लुबाडल्या जातात. पोथीचे अक्षर इतके बारीक छापले जाते की ते त्यांना दिसत नाही. पारायण इतक्या वेगाने होते की ते त्यांना धरता येत नाही. ध्वनिक्षेपकाच्या कल्लोळात शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाही. सभामंडपाच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून त्या घरीच राहतात, आणि साधू मोठ्या गावावरून मोठ्या गावाला जातात. सूत्रपाठातील आचारविषयक वचनांत स्वामींनी तेलंग देशास न जाता महाराष्ट्रात राहावयास सांगितले. सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीस मिळते आणि पलीकडे तेलंगण लागते. म्हणजे झाडी ही स्वामींनी नेमलेल्या भूमीची शेवटची कड आहे. त्या कडेवरच्या ओसरीवर बसलेली आजीही मार्गातच आहे. तेथपर्यंत जाणे हे आजच्या भिक्षुकाचे अटन होय.

आजीला त्या दिवशी साधूंनी जे उत्तर दिले ते थोडके होते. ते म्हणाले, “आई, तुम्ही देवाला काही दाखवू नका. दाखवावे लागते ते न जाणणाऱ्याला. तो सर्वज्ञ आहे. तुम्ही विसरलात ते त्याच्या विस्मृतीत गेलेले नाही. विसरल्याचे जे दुःख तुम्हांला होते, तो अनुसोच आहे. तोच आज तुमचा पाठ समजा.” नंतर त्यांनी नातीला जवळ बोलावले, पोथी तिच्या हाती दिली आणि रोज सायंकाळी आजीपाशी बसून एक लीळा, सावकाश, मोठ्याने वाचण्याचा नेम तिला दिला. आजी अडखळली तर थांबावे, तिला काही आठवले तर ऐकून घ्यावे, असेही सांगितले.

तात्पर्य : देह झिजतो, गावाचे नाव पालटते, राज्ये पालटतात, पाठाची वाक्ये गळतात. हे सर्व प्रपंचाचे आहे आणि प्रपंचाच्या रीतीने चालते. देवाविषयीची आर्ती मात्र देहाची नव्हे, ती जीवाची आहे, म्हणून देहाबरोबर ती म्हातारी होत नाही. वृद्धांनी ती जपावी. तरुणांनी वृद्धांपाशी बसून ती घ्यावी, कारण ओसरीवरचे ते स्थान फार दिवस भरलेले राहणार नाही.

सकळ अच्युतगोत्रीय साधुसंतांस व वासनिक जनांस दंडवत प्रणाम.