उंबरठ्यावरचा पहिला श्वास

गेल्या हिवाळ्यात दहा दिवस माझी सकाळ शेजारच्या घराचं कुलूप काढून सुरू होत होती. खानदेशातल्या आमच्या देवपुरात साडेपाचला अजून अंधार असतो. पांझरा नदीकडून गार वारा येतो, एकवीरेच्या देवळातली घंटा ऐकू येते. दार उघडलं की आधी वास यायचा, मग मोती. तेरा वर्षांचा, पांढरा, झुपकेदार शेपटीचा पामेरियन. उठताना मागचे पाय एकदा घसरायचे, दुसऱ्या खेपेला साथ द्यायचे.

शेजारच्या वहिनी आणि भाऊ लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले होते. म्हाताऱ्या कुत्र्याला नवी जागा सोसत नाही, म्हणून त्याला माझ्याकडे न आणता मीच दिवसातून तीनदा तिकडे जात होते. त्याचं अंथरूण मागच्या पडवीत होतं. पूर्वी तो बैठकीत, भाऊंच्या खुर्चीखाली झोपायचा. वर्षभरापूर्वी पाहुणे नाक मुरडायला लागले, तेव्हा त्याला मागे हलवलं.

पहिल्या दिवशी मी चुकले. पडवी फिनाइलनं पुसून घेतली आणि वर दोन उदबत्त्या लावल्या. मोती चारदा शिंकला, उठला आणि थंडीत उघड्या दारात जाऊन बसला. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या पुढे. मी माझ्या नाकाची सोय बघितली आणि त्याला त्याच्याच जागेतून उठवलं. शिवाय ज्या फरशीवर तो पोट-पाय टेकून झोपतो आणि नंतर तेच पाय चाटतो, तिच्यावर फिनाइल ओतणं म्हणजे ते त्याच्या पोटात घालणंच झालं. उदबत्ती विझवली, फरशी साध्या पाण्यानं दोनदा पुसली आणि त्याच्याजवळ बसून राहिले. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मला आता वास येतच नाही.

वास तिथंच होता, नाक थकलं होतं. एकच गंध सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. वहिनींना मोतीचा वास कळला नाही, तो याच कारणानं. त्यांच्या मायेत उणं काही नव्हतं. वास रोज कणाकणानं वाढला आणि त्यांचं नाक रोज तेवढंच सरावत गेलं. दुसऱ्याच्या घरचं जनावर सांभाळायला जाणाऱ्याकडे एक गोष्ट असते, जी घरच्यांकडे उरलेली नसते : ताजं नाक. तेही थोडा वेळच. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी दार उघडून आत धावायचं सोडलं. उंबरठ्यावर थांबायचं, एक श्वास नीट घ्यायचा आणि विचारायचं, हा वास कशाचा आहे? कालचाच की नवा?

वास कुठून येतो हे शोधायला जवळच जावं लागतं. मोतीच्या डोक्यावरून हात फिरवत मी त्याचा कान हुंगला. कानात संसर्ग असला की शिळ्या पिठासारखा आंबूस वास येतो, कुत्रं मान झटकत राहतं. त्याचा कान स्वच्छ होता. शेपटीखाली दोन छोट्या ग्रंथी असतात. एरवी शौचाच्या वेळी त्या आपोआप रिकाम्या होतात. म्हातारपणी स्नायू सैल पडले, शौच पातळ झालं की त्या तुंबतात आणि कुजक्या माशासारखा वास सुटतो. कुत्रं जमिनीवर बूड घासत सरकतं आणि बघणारे म्हणतात, जंत झाले असतील. मोतीच्या ग्रंथी तुंबलेल्या नव्हत्या. मागच्या पायांच्या केसांना लघवीचा वास होता, कारण झोपेत थोडी गळत होती. पण दारापर्यंत येणारा वास तोंडाचा होता. भाकरीचा तुकडा तो डाव्या जबड्यानंच चावत होता. ओठ जरा वर केला तर उजव्या दाढांवर तपकिरी थर आणि हिरड्या लालभडक, सुजलेल्या. लहान जातीच्या कुत्र्यांना हे फार होतं. दातांवरचा थर हिरडीखाली उतरतो, मुळाशी पू होतो. कुत्रं कण्हत नाही, खाणंही सोडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. तोंडाला लघवीसारखा उग्र वास आला तर मूत्रपिंडाची शंका घ्यावी, पिकल्या फळासारखा गोडसर आला तर मधुमेहाची.

वहिनींना सांगणं मला या सगळ्यापेक्षा अवघड वाटलं. ‘तुमच्या मोतीला वास येतो’ हे आपल्याकडे घराला नावं ठेवल्यासारखं ऐकू येतं. मी फोनवर वासाचं नावच काढलं नाही. म्हटलं, ‘‘वहिनी, मोती उजव्या बाजूनं चावत नाहीये. हिरडी सुजलेली दिसते. तुम्ही आल्यावर डॉक्टरांना दाखवून घेऊ.’’ त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हातारपन मा आसंच ऱ्हास, ताई.’’

हे वाक्य मी किती घरांत ऐकलं आहे, आणि फक्त कुत्र्यांबद्दल नाही. मागच्या खोलीतल्या खाटेवरच्या आजीबद्दलही हेच म्हणतात. मला ते पटत नाही. म्हातारपणाला स्वतःचा वास नसतो. वास सुजलेल्या हिरडीचा असतो, ओल्या राहिलेल्या अंथरुणाचा असतो, न सुटलेल्या केसांच्या गुंत्याचा असतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. ‘असंच राहतं’ म्हटलं की इलाजाचा विषयच मिटतो, आणि जीव खोलीतून पडवीत, पडवीतून अंगणात सरकत जातो. काही जण तर गाडीत घालून हायवेवर सोडून येतात. उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

देवपुरातल्या दत्तमंदिरात मी गुरुवारी जाते. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं लहानपणी सांगितलेलं. इतक्या घरांत ती तसबीर पाहिली, पण तिच्यात म्हातारं कुत्रं मी कधी पाहिलं नाही.

उरलेले दिवस मी जमेल ते केलं. जुन्या सुती लुगड्याच्या दोन गोधड्या. एक अंथरलेली, एक उन्हात. खानदेशचं ऊन एरवी नकोसं होतं, पण लघवीचा वास घालवायला त्याच्यासारखं काही नाही. फरशीवरचं ओलं आधी कोरड्या फडक्यानं टिपायचं, मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसायचं. ब्लीचिंग पावडर चुकूनही नाही, लघवीशी मिसळून तिचा विषारी वायू होतो. अंघोळ घातली नाही. थंडीत म्हातारं अंग नीट वाळत नाही आणि ओल राहिली की वास वाढतो. कोमट फडक्यानं पोट आणि मागचे पाय पुसून लगेच कोरडे करायचे, एवढंच. घरातली दुखण्यावरची गोळी दिली नाही, कारण माणसाला चालणाऱ्या काही गोळ्या कुत्र्याच्या जिवावर उठतात.

आणि पाणी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, भरून ठेवलेलं पुरवून वापरायची सवय हाताला लागलेली असते. त्यात कुत्रं लघवी करतं म्हणून त्याचं पाणी कमी करणारी माणसंही मी पाहिली आहेत. म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्रपिंड थकलेलं असेल तर हा वासावरचा उपाय त्याचा जीव घेऊ शकतो. तुमच्याकडे कुणाच्या घराची किल्ली असेल, तर आत शिरताच पाण्याचं भांडं आधी बघा.

वहिनी-भाऊ परतल्यावर मोतीला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासून, भूल देऊन त्यांनी उजवीकडच्या तीन दाढा काढल्या. लघवीसाठीही औषध सुरू झालं. महिनाभरानं सकाळी दूध द्यायला गेले तेव्हा पडवी रिकामी होती. मोती बैठकीत, भाऊंच्या खुर्चीखाली झोपला होता.