पॅकेजच्या आधी हप्ता मोजा

सीईटीचा निकाल लागला की जळगाव, सांगली, लातूरच्या घराघरांत एकच विषय निघतो: एमबीए कुठून करायचं? आणि बोलण्याची सुरुवातही ठरलेली असते. तिथलं पॅकेज किती? मुलामुलींच्या आयुष्यातलं पहिलं मोठं कर्ज ज्या निर्णयातून डोक्यावर येणार, तो निर्णय माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरच्या एका आकड्यावर सोडून दिला जातो. हा प्रश्न विचारू नये असं मी म्हणत नाही, पण तो पहिला नसावा. पहिला प्रश्न असा हवा: इथून बाहेर पडल्यावर मला कोणकोणतं काम नाकारणं भाग पडेल? ऐपतीबाहेरच्या शुल्काचं शिक्षण घेतलेल्याची पहिली नोकरी त्याच्या कर्जाचा हप्ता ठरवतो.

हिशोब मांडून पाहू. समजा, पंधरा लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज आणि फेडायला १० वर्षं. हप्ता येतो महिन्याला सुमारे १९,८०० रुपये. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात मिळालं की तोच बावीस-तेवीस हजारांवर जातो. आता समोर साडेआठ लाखांचं पॅकेज ठेवा. त्यातले ८५,००० वर्षाअखेरच्या कामगिरीवर अवलंबून, म्हणजे मिळाले तर मिळाले. कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता हेही त्याच साडेआठ लाखांत धरलेलं असतं. हे सगळं वजा जाता दरमहा हातात पंचावन्न हजारांच्या आतच पडतात. त्यातून पुण्या-मुंबईतलं खोलीचं भाडं, डबा, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे. शिवाय कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक बहुधा तारण मागते, म्हणजे आईवडिलांचं राहतं घर किंवा मुदतठेव. अशा स्थितीतल्या तरुणाला आपलं मन कशात रमतं हा प्रश्न स्वतःला विचारायचीही सोय राहत नाही.

बरं, माहितीपत्रकातला तो आकडा तरी खरा असतो का? आकडा बहुधा खरा असतो. तो कुणाचा आहे, हे सांगितलेलं नसतं. दहा मुलांपैकी नऊ जणांना सहा लाख आणि एकाला परदेशातली ४६ लाखांची नोकरी लागली, तर सरासरी होते दहा लाख. दहा लाख मिळालेला मुलगा त्या वर्गात एकही नाही. म्हणून मध्यक विचारायचा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मधे येणारा. आणि त्याहून महत्त्वाचं, वर्गात एकूण किती जण होते आणि त्यांतल्या कितींचा पगार या हिशोबात धरला, हे विचारायचं. ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांची ‘प्रक्रियेत भाग न घेतलेले’ अशी वेगळी रास केली, की शंभर टक्के नियुक्त्या सहज दाखवता येतात. या गोंधळाला आळा बसावा म्हणून अहमदाबादच्या आयआयएमने नियुक्ती-अहवालाचे मानदंड आखले आणि स्वतःचा अहवाल बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. २०१६ पासून निघणाऱ्या केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी प्रत्येक संस्था जी माहिती भरून देते, तिच्यात नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मध्यक पगार हे दोन्ही असतात. ती कागदपत्रं कुणालाही पाहता येतात. दहा मिनिटांचं काम आहे, पण घरी बसून ते करणारी कुटुंबं फार थोडी.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट जाणूनबुजून अंधारात ठेवली जाते, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. त्याच महाविद्यालयात, त्याच बाकावर बसणाऱ्या दोघांनी वेगवेगळ्या वाटेने प्रवेश घेतलेला असू शकतो: एकाने कॅपच्या केंद्रीय फेरीतून, दुसऱ्याने संस्था स्तरावरच्या जागेवर. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना आहेत. २०२४ पासून याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. या सवलती कॅपमधून आलेल्यांना मिळतात. ‘फेरीची वाट कशाला पाहता, जागा आजच पक्की करा’ असं फोनवर सांगणारा प्रतिनिधी हे सांगत नाही. त्या एका घाईची किंमत कित्येक लाखांत जाते. प्रवेश रद्द करायला गेलं की मूळ दाखले अडवून धरले जातात, आणि नियमाने तसं करता येत नाही हे पालकांच्या गावीही नसतं.

एमबीए ही पदवी मोठी की पीजीडीएम ही पदविका, या वादात फार वेळ घालवू नये. २०१७चा कायदा होईपर्यंत खुद्द आयआयएमही पदविकाच देत होत्या. पाहायचं ते एआयसीटीईची मान्यता आहे की नाही, आणि वर्गात शिकवायला कोण उभं राहतं, शेजारी शिकायला कोण बसतं.

हा दुसरा मुद्दा कळीचा आहे. व्यवस्थापन हे निम्मं वर्गमित्रांकडून शिकायचं शास्त्र आहे. अहमदाबादेत हार्वर्डच्या सहकार्याने रुजलेली केस-पद्धत याच गृहीतकावर उभी आहे: समोर एका कंपनीची खरी अडचण, आणि वर्गातल्या प्रत्येकाने आपला निर्णय मांडून तो इतरांसमोर टिकवायचा. सगळे बावीस वर्षांचे, एकाच शाखेचे, कुणी कधी पगारपत्रक पाहिलेलं नाही, अशा वर्गात ती चर्चा तोंडदेखली होते. म्हणून दोन-तीन वर्षं कुठेतरी काम करून मग जा, असं मी प्रत्येकाला सांगतो. शहराचंही तसंच. १९६५ साली सुरू झालेली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था चर्चगेटला आहे, फोर्ट आणि नरिमन पॉइंट हाकेच्या अंतरावर. उद्योगातली माणसं तिथे येऊन शिकवतात, आणि शुल्क मोठ्या खासगी अभिमत विद्यापीठांच्या तुलनेत कितीतरी कमी. अशा जागा मोजक्याच, हे खरं. पण त्या हातच्या सोडून वातानुकूलित वसतिगृहाकडे पाहून निर्णय घेणारेही आहेत.

मग कर्ज काढूच नये का? आघाडीच्या आयआयएममध्ये प्रवेश मिळाला असेल, तर जरूर काढावं. तिथला मध्यक हप्ता पेलतो, आणि बँकाही अशा संस्थांसाठी पुष्कळदा तारणाशिवाय कर्ज देतात. माझी काळजी संस्थांच्या शिडीतल्या मधल्या पायऱ्यांची आहे, जिथे शुल्क वरच्या पायरीचं आणि नोकरी खालच्या पायरीची.

आणि या सगळ्यात नुकसान केवळ त्या एका घराचं होत नाही. अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२मध्ये पद सोडलं आणि पुढे राजस्थानात जवाजा इथे विणकर आणि चर्मकारांबरोबर काम उभं केलं. त्यांना व्यवस्थापन तिथेही हवं होतं. वर्गीस कुरियन यांनी १९७९मध्ये आणंदला ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापन संस्था काढली ती याच गरजेतून. पुण्यात विद्यापीठ रस्त्यावर वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. ज्या राज्यात गावोगाव सहकारी संस्था आहेत, तिथल्या किती मुलांच्या यादीत तिचं नाव असतं? आपले दूध संघ, शेतकरी उत्पादक कंपन्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, कोल्हापूरच्या फाउंड्री यांना बाजारपेठ, खेळतं भांडवल, मालाचा साठा हे सगळं समजणारी माणसं हवी आहेत. त्याच गावांतली मुलं ते शिकतात आणि मग बावीस हजारांच्या हप्त्यापायी एखाद्या बँकेची क्रेडिट कार्डं विकायला महानगरात थांबतात. परत यायची इच्छा असली तरी गावातला कारखानदार सुरुवातीला देऊ शकेल तो पगार त्यांना परवडत नाही.

तेव्हा पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी वहीत हप्ता मांडा. तीन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या दोघातिघांना गाठा. संस्थेने निवडून दिलेल्यांना नाही, तुम्ही शोधलेल्यांना. आणि संस्थेला लेखी विचारा: गेल्या वर्षी वर्गात किती विद्यार्थी होते, कितींना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती? लेखी उत्तर मिळालं नाही, तर यादीतून ते नाव खोडा.