एक कमी आहे!

लग्नघरातला सर्वांत शेवटचा कार्यक्रम म्हणजे भाड्याने आणलेली भांडी मोजून परत करणे. वऱ्हाड गेलेले असते, मांडव अर्धा उतरलेला असतो आणि ओसरीवर एखादा थकलेला मामा वही उघडून बसलेला असतो. कोणी तरी मोठ्याने म्हणते, "वाट्या एकशे वीस!" मामा टिपून घेतो. एखादा झारा कमी भरला, तर घरभर शोध होतो. सापडला तर ठीक. नाही तर त्याचे पैसे भरून मोकळे व्हायचे.

अशीच मोजदाद शस्त्रक्रियागृहातही चालते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. सुरी लागण्यापूर्वी, पोट मिटण्यापूर्वी आणि पुन्हा कातडीला टाके घालताना दोन परिचारिका चिमटे, कात्र्या, सुया आणि रक्त टिपायचे मॉप मोठ्याने मोजतात. एकीने उच्चारायचे, दुसरीने फळ्यावर लिहायचे. फरक इतकाच, की येथे कमी भरलेला जिन्नस माणसाच्या पोटात असू शकतो.

ही नुसती भीती नव्हे. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात बाळंतपणानंतर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात मॉप राहिला. पोट पुन्हा उघडून तो काढला. पण ती वाचली नाही. खटल्याचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तेव्हा १९९६ साल उजाडले होते. निष्काळजीपणा घडला हे उघड आहे. नेमका कोणत्या नोकराचा, हे बोट ठेवून दाखवता आले नाही, तरी सरकारची जबाबदारी टळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. न्याय झाला. पण त्या दिवशी त्या खोलीत "एक कमी आहे" असे म्हणणारे कोणी का नव्हते, हा प्रश्न मनातून जात नाही.

आता ही मोजदाद यंत्राकडे सोपवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ट्रॉलीच्या वर कॅमेरा टांगतात. संगणकाला आधी उपकरणांची हजारो छायाचित्रे नावानिशी दाखवलेली असतात. त्यावरून तो कोणता चिमटा उचलला, कोणता परत आला, याचा हिशेब ठेवतो. एकासारखे एक दिसणारे चिमटे, त्यांवर माखलेले रक्त, दिव्याची चकाकी, मध्ये आलेला हात, यांनी तो फसतोही. पोटाच्या आतले तर त्याला दिसत नाहीच. बाहेर काय परत आले नाही, एवढेच तो सांगू शकतो.

जुन्या वळणाचा माणूस यावर विचारील, "माणसाचे डोळे काय कमी पडतात?" पडतात. मूळ विदर्भातल्या उटी गावच्या कुटुंबातले शल्यविशारद अतुल गावंडे यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००३ साली अशा ५४ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शस्त्रक्रियांत मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्के ठिकाणी ती बरोबर जुळल्याची नोंद होती! तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊपट आढळला. म्हणजे दोष आळसाचाच असतो असे नाही. घाईचा, दमणुकीचा असतो. यंत्र दमत नाही. तेव्हा त्याच्याकडे पाहून नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण मोजणे आणि सांगणे या दोन गोष्टी आहेत. रात्री तीन वाजता, सुई हातात घेतलेल्या बड्या डॉक्टरांना एखादी नवखी सिस्टर म्हणते, "सर, थांबा, एक मॉप कमी आहे." तिने केलेली बेरीज एखादे शाळकरी पोरही करील, ते वाक्य उच्चारायला मात्र छाती लागते. यंत्राचा लाल दिवा कोणाची भीड न धरता लागेल, आणि तिला त्याचा आधारच होईल. मला काळजी आहे ती हिरव्या दिव्याची. दिवा हिरवा आहे आणि सिस्टरचे मन मात्र म्हणते आहे, काही तरी चुकते आहे. तेव्हा तिचे कोण ऐकेल? आणि उद्या पोटात काही सापडलेच, तर जो तो म्हणेल, "दिवा तर हिरवा होता!" चूक करणारा सापडला नाही, तरी तिचे उत्तर देणारा कोणी हवा, हे न्यायालयाने बजावले होते. दिव्याआड लपणाऱ्या माणसांना ते पुन्हा बजावावे लागेल.

म्हणून मला वाटते, यंत्र जरूर आणावे, पण एक नियम करून. थांबवायला दोघांपैकी एकाचा संशय पुरे व्हावा, दिव्याचा किंवा सिस्टरचा. पोट मिटायला मात्र दोघांचाही होकार हवा. आणि मोठ्याने मोजणे सोडू नये. आकडा तोंडाने उच्चारणारा माणूस त्या आकड्याला बांधला जातो. मामाच्या वहीत झारा लिहिलेला असतो, तेव्हा तो शोधणे मामाच्या अंगावर येते. टेबलावर बेशुद्ध पडलेल्या माणसाला स्वतःसाठी मोजता येत नाही, त्याच्या वतीने कोणी तरी जबाबदारीने म्हणायला हवे, "सगळे आले," किंवा, "एक कमी आहे."