निजलेल्यांविषयीं खरें बोलावें काय?

मंडळींतील एखादी वृद्ध भगिनी प्रभूमध्यें निजली म्हणजे तिच्याविषयीं चार शब्द बोलण्याचें काम बहुधा उपदेशकाकडे येतें. तो उभा राहून सांगतो कीं, बाई मोठी भक्तिमान् होती, प्रार्थनेला कधीं चुकली नाहीं, कोणाला उणें बोलली नाहीं. ऐकणारे माना हालवितात. परंतु पुढच्या वर्षीं दुसरी भगिनी निजते तेव्हां तेच शब्द पुन्हां कानीं पडतात, आणि पहिली कशी होती व दुसरी कशी होती हें कोणालाच सांगतां येत नाहीं. ऐंशीं वर्षांचें आयुष्य अशा रीतीनें एका दिवसांत नाहींसें होतें. म्हणून आज एका प्रश्नाचा विचार करूं : ज्यांच्यावर आपण प्रीति केली त्यांची आठवण करितांना त्यांचे दोष, त्यांचें अडखळणें, त्यांना झालेला उशीर सांगावा कीं झांकावा?

झांकावा असें म्हणणाऱ्यांचें बोलणें अगदींच पोकळ नाहीं. निजलेलें मनुष्य उत्तर देऊं शकत नाहीं. त्याच्या मुलाबाळांना खालीं पाहावें लागेल. शिवाय ज्या गांवीं ख्रिस्ती घरें थोडीं तेथें शेजारीपाजारी हंसतील, अशीहि भीति वाटते.

परंतु आपल्या महाराष्ट्रांतील एका भगिनीनें या प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या आयुष्यावरून देऊन ठेविलें आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें जन्मल्या. वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, मीठदेखील धुतल्यावांचून घरांत चालत नसे. लहान वयांतच त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. टिळकांनीं ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई त्यांच्या मागें गेल्या नाहींत. कांहीं वर्षें लहान मुलाला घेऊन आप्तांकडे राहिल्या. पुढें नगर जिल्ह्यांत पतीजवळ आल्या, तरी त्यांची चूल निराळी व पाणी निराळें. भेदाभेद हा देवानें केलेला नव्हे ही गोष्ट त्यांच्या मनाला हळूहळू पटत गेली, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या बाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. पतीकडूनच त्या लिहावयास-वाचावयास शिकल्या. तरी १९१९ सालीं टिळक वारल्यावर त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनीं पुढें लिहून पुरें केलें, आणि १९३४ पासून त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. १९३६ सालीं त्या वारल्या; पुस्तक मात्र आजहि घरोघर वाचलें जातें. त्यांत त्यांनीं आपलें निराळें पाणी लपविलें नाहीं. टिळकांचा तापटपणा, न सांगतां घरांतून निघून जाणें, हातीं आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकणें, हेंहि लपविलें नाहीं. असें असून ते पुस्तक वाचल्यावर टिळकांविषयींचा आदर कमी होत नाहीं, उलट वाढतो. याचें कारण असें कीं, बाई पतीला हंसतात त्याच्या आधीं स्वतःला हंसतात. ज्या हातानें दोष लिहिला त्याच हातानें त्या माणसाची सेवा केली होती, हें वाचकाला दिसतें. आणि तीं निराळ्या पाण्याचीं वर्षें त्यांनीं गाळलीं असतीं, तर १९०० हें साल नुसती तारीख होऊन राहिलें असतें. नदी केवढी होती हें कळल्यावांचून ती ओलांडणाऱ्याचें बळ कसें कळणार?

शास्त्राची रीतिहि हीच आहे. सारा तंबूच्या दाराआड हंसली व मग हंसलें नाहीं म्हणाली, हें उत्पत्तींत लिहिलें आहे. तिचा विश्वास इब्री लोकांस पत्रांत सांगितला आहे. एकीकडचें लिहिलें म्हणून दुसरीकडचें खोडलें नाहीं. पेत्राचा नाकार चारहि शुभवर्तमानांत आहे. मंदिरांतील वृद्ध हन्नेला तर लूकानें तीनच वचनें दिलीं. पण त्यांत तिच्या बापाचें नांव आहे, तिचा वंश आहे, नवऱ्याजवळ ती सात वर्षें राहिली हें आहे, चौऱ्याऐंशीं हा आंकडा आहे. म्हणूनच ती दुसऱ्या कोणासारखी वाटत नाहीं.

तथापि खरें बोलणें म्हणजे सर्व कांहीं बोलणें नव्हे. विश्वासानें सांगितलेलें गुपित कबरेबरोबर जावें. ज्याच्या मनांत जुना राग आहे त्यानें त्या दिवशीं मुकाट बसावें. आणि एखादा दोष शेवटपर्यंत सुटलाच नाहीं, तर तो सुटला असें सांगूं नये; जें चांगलें खरोखर होतें तें सांगावें व बाकीचें देवाच्या हातीं सोंपवावें. मौन आणि खोटें या दोन निराळ्या वस्तु आहेत.

हा प्रश्न आपल्याकडे लहान नाहीं. मूल तापानें फणफणलें असतां रात्रीं भगताकडे धांवलेली तरुण आई दुसऱ्या दिवशीं मंडळींत येण्यास लाजते. तिला जर असेंच ऐकूं आलें असेल कीं, आधींच्या बाया कधीं डळमळल्याच नाहींत, तर ती म्हणेल, हा मार्ग माझ्यासारखीचा नव्हे. पण कोणी तिला सांगितलें कीं, जिला आपण आज आई म्हणतों तीहि एके काळीं अशीच धांवली होती आणि परत आली, तर ती आंत येऊन बसेल. खोट्या स्तुतीनें मेलेल्यांचा मान वाढत नाहीं. जिवंतांची वाट मात्र बंद होते.

वारल्यांच्या लग्नांत धवलेरी सारा विधि मुखानें गाते. वृद्ध स्त्रियांच्या स्मरणाची किंमत या मुलुखाला नवी नाहीं. कैनाडांत किंवा तलासरीकडील पाड्यावर आज नव्वदीला टेकलेली बाई १९४५ सालीं, वारली लोक वेठीविरुद्ध उठले तेव्हां, लहान मुलगी होती. तिनें काय पाहिलें, देवाचें नांव प्रथम कोणाच्या तोंडून ऐकलें, कोणती गोष्ट सोडणें तिला जड गेलें, हें नोंदवहींत नाहीं. तेथें फार तर एक तारीख सांपडेल. तरी उपदेशक बंधूंनो, ती जिवंत आहे तोंच तिच्या ओटीवर जाऊन बसा. तिच्याच शब्दांत लिहून घ्या, वाचून दाखवा, आणि कोणतें लोकांत सांगावें हें तिलाच विचारा. मग तो दिवस येईल तेव्हां तुम्हांला विशेषणें शोधावीं लागणार नाहींत.